'पब्लिक इमेज'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं? (निमित्त बिली हॉलिडे)

बिली हॉलिडे या अमेरिकन जॅझ गायिकेवर एक लेख लिहितोय आणि एका शब्दापाशी गाडी अडलीये. 'पब्लिक इमेज आणि खाजगी आयुष्य' ही जोडी दर परिच्छेदात येतेय. इमेजला 'प्रतिमा' लिहिलं की पेपरातल्या बातम्या आठवतात, प्रतिमा मलिन झाली, प्रतिमा उजळली, जणू पितळेचं भांडंच. 'छबी' म्हणावं तर ती फोटोतली, केसात पांढरं गार्डेनियाचं फूल खोवलेली बिली, तेवढ्यापुरतं ठीक. पण १९४७ला ड्रग्जच्या केसमध्ये तुरुंगात गेली, सुटून पंधरवडाही झाला नाही तोवर मार्च १९४८मध्ये कार्नेगी हॉल हाउसफुल्ल, आणि त्याच न्यूयॉर्कमध्ये पोलीस कॅबरे कार्ड देईनात म्हणून दारू मिळते अशा क्लबात गायला बंदी, हे सगळं मिळून लोकांच्या डोक्यात जे बसलं त्याला काय म्हणू? आणि खासगी की खाजगी तेही सांगा.

---

खासगी लिहा. खाजगी बोलण्यात सर्रास आहे, चूक म्हणणार नाही, पण मूळ 'खास'शी नातं दिसायला हवं. होळकरांकडे दौलत वेगळी आणि खासगी वेगळी असायची, खासगी म्हणजे ज्यावर फक्त स्वतःचा हक्क. त्या अर्थाने बघितलं तर बिलीकडे खासगी होतं काय? १९५९ला हॉस्पिटलात मरायला टेकलेली असताना बेडवरच अटक केली, दाराशी पोलीस बसवले. ४४व्या वर्षी गेली. तुमची जोडीच मला पटत नाहीये खरं तर.

---

गार्डेनिया कशाला, सरळ अनंत लिहा की! आपल्या परसातलं फूल आहे. केस कुरळे करायच्या चिमट्याने जळाले म्हणून ती जागा झाकायला पहिल्यांदा फूल लावलं असा किस्सा सांगतात, खराखोटा देव जाणे, पण मग छबी हाच शब्द तिथे फिट्ट बसतो.

---

इमेजसाठी 'लौकिक' का नको? लौकिक कमवावा लागतो, प्रतिमा दुसरेही बनवून देतात. १९३९ला न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी क्लबात ती 'स्ट्रेंज फ्रूट' म्हणायची, झुंडीने मारून झाडाला टांगलेल्या काळ्या माणसांबद्दलचं गाणं, तेव्हा वेटर सर्व्हिस थांबवायचे, सगळे दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक झोत, आणि गाणं संपलं की ती निघून जायची, वन्समोअर नाही. कोलंबिया या तिच्या रेकॉर्ड कंपनीने ते रेकॉर्ड करायला नकार दिला म्हणून कमोडोर या छोट्या कंपनीकडे गेली. हा लौकिक. ड्रग्ज, नवरे, मारहाण यांचा झाला तो बोभाटा. दोन्हीला एकच शब्द लावलात तर लेख तिथेच बोंबलला.

---

लौकिक-बोभाटा छान, पण यात ती स्वतः कुठेच नाही. १९५६ला एका पत्रकाराच्या मदतीने आत्मचरित्र काढलं त्यात पहिल्याच वाक्यात आईवडिलांचं लग्न लावून टाकलंय, जे कधी झालंच नव्हतं. म्हणजे बाईंनी स्वतःची गोष्ट स्वतःच घडवलीये. घडवलेली म्हटल्यावर 'प्रतिमा'च, पेपरवाल्यांनी वापरून गुळगुळीत केला म्हणून शब्द टाकून का द्यायचा?

आणि 'बाई' मुद्दाम म्हटलं. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या क्लबात टेबलावरच्या टिपा नको तशा उचलायला ती नाही म्हणायची म्हणून बाकीच्या पोरी 'लेडी' म्हणून टोमणे मारायच्या असं तिनेच सांगितलंय, पुढे सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगने त्याचंच 'लेडी डे' केलं. आपल्याकडे केसरबाई, मोगूबाई म्हणताना बाई मानाची आणि 'गाणारी बाई' म्हणताना नाक मुरडलेलं, दोन्ही एकाच शब्दात. इतकं जवळचं दुसरं काही सापडणार नाही.

---

धन्यवाद मंडळी. खासगी आणि अनंत फायनल. प्रतिमा ठेवतो पण फक्त आत्मचरित्राच्या भागात, स्ट्रेंज फ्रूटला लौकिक, कोर्टकचेरीला बोभाटा. 'लेडी डे'चं भाषांतर करत नाही, पण बाईंचा मुद्दा ढापतोय. आता एकच राहिलं, कॅबरे कार्डाला 'गायनपरवाना' चालेल का?

---

नाही चालणार. ते कार्ड क्लबातल्या वेटरला, आचाऱ्यालासुद्धा लागायचं. 'क्लबात काम करायचा पोलीस परवाना' असं एकदा लिहा, पुढे नुसतं कार्ड म्हणा.