मदत हवी आहे: चिकलठाणा विमानतळावरून (छत्रपती संभाजीनगर) केशर आंबा दुबईला
नमस्कार मंडळी. अंबड तालुक्यात आमची केशरची बाग आहे. मेव्हण्याच्या ओळखीनं दुबईच्या एका दुकानदारानं 200 किलो आंबा मागितलाय. आयात-निर्यात कोड काढून झालाय.

गेल्या मे महिन्यात मुंबईला ट्रकनं माल धाडला, तर वाटेतल्या उन्हात निम्म्या पेट्या पिकून मऊ पडल्या. वडिलांनी लेकरागत जपलेली झाडं, फार जीवाला लागलं. म्हणून यंदा चिकलठाण्याहून मुंबईच्या प्रवासी विमानातून पाठवावं म्हणतोय.

पेट्या विमानतळावर किती तास आधी न्याव्या लागतात? तिथं शीतगृह मिळतं का? फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राची (मालाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) तपासणी इकडंच होते की मुंबईत? आपल्या भागातून कुणी मोसंबी, भाजीपाला असा पाठवला असेल तर किलोमागं भाडं किती पडलं तेही सांगा. पाड लागायला आलाय, दिवस थोडे उरलेत.