पांदण रस्त्यांचा एसव्हीजी नकाशा : आकार मोजून तपासावा की डोळ्यांनी?

आर्वीकर
गावच्या पांदण रस्त्यांचा, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या वाटांचा, नकाशा आम्ही काही जण मिळून ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर चढवतो आहोत, तोही एसव्हीजीत, म्हणजे कितीही मोठं केलं तरी पुसट न होणाऱ्या रेखाचित्राच्या फाइलीत. गटांच्या हद्दी आणि पांदणी क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रणालीत काढल्या, रंगरेषा इंकस्केप या चित्रांच्या प्रणालीत नीट केल्या. फाइल एकच, पण इमेज टॅगने (पानात चित्र लावायची खूण) लावली की एक आकार, आयफ्रेममध्ये (पानातली दुसऱ्या पानाची चौकट) दुसरा, आणि कोड थेट पानात टाकला की तिसराच. "ब्राउझर खराब आहे" म्हणून काही जण मोकळे झाले. मला ते मान्य नाही.

आयफ्रेम घ्या. रुंदी-उंची सांगितली नाही तर तिचा डबा 300 बाय 150 पिक्सेलचा होतो, आत काहीही असो. आमच्या फाइलचा व्ह्यूबॉक्स, म्हणजे रेखाटनाची आतली मोजमापाची चौकट, 1200 बाय 900. प्रमाण राखून तो त्या डब्यात बसवला की नकाशा 200 बाय 150 चा होतो आणि दोन्ही बाजूंना 50-50 पिक्सेल कोरे राहतात. हे नियमानुसारच आहे. तीच फाइल, नुसता व्ह्यूबॉक्स ठेवून, इमेज टॅगने लावली तर 360 पिक्सेलच्या फोनवर पानाचा नेहमीचा समास जाऊन 344 बाय 258 येते. मात्र इथे सीएसएस 2.1 ने, म्हणजे पानाच्या मांडणीच्या नियमांनी, सक्ती केलेली नाही, नुसतं सुचवलं आहे, तेही डब्याची रुंदी आतल्या चित्रावर अवलंबून नसेल तरच. रुंदी न दिलेल्या टेबलच्या खान्यात किंवा फ्लोटमध्ये (बाजूला सरकवलेल्या डब्यात) ती सूचना लागू होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अंदाज सोडा आणि मोजा. फाइलमध्ये रुंदी नसेल, पिक्सेलमध्ये असेल किंवा टक्क्यांत असेल, उंचीचंही तसंच, व्ह्यूबॉक्स असेल किंवा नसेल. झाले 18 प्रकार. इमेज, ऑब्जेक्ट (बाहेरची फाइल पानात बसवणारा टॅग), आयफ्रेम आणि थेट कोड अशा चार पद्धतींनी 72. छोट्या स्क्रिप्टने प्रत्येक डब्याची रुंदी-उंची वाचायची आणि अपेक्षित आकड्याशी ताडून पाहायची. हे काम व्हायलाच हवं.

धामणगावकर
भाऊ, 72 पानं कायले तपासता? पांदणीचा झगडा पेरणीच्या आंधी मिटला पायजे. पीएनजी, म्हंजे साधं चित्र, करा, व्हॉट्सॲपवर टाका, काम खतम. गावात लोकायजवळ अँड्रॉइड हाय, त्यात क्रोम हाय. एका फोनवर बरोबर दिसलं म्हंजे साऱ्यायच्या फोनवर दिसते. शेतकऱ्याले आपली वाट दिसली पायजे, व्ह्यूबॉक्स नाई.

आर्वीकर
घाई मलाही आहे. पण पीएनजी मोठी करून पाहिली की गट नंबर पुसट होतात, आणि वाद नेमका एखाद्या धुऱ्यावरच असतो. शिवाय गटावर बोट ठेवलं की त्याची पांदण ठळक व्हावी, ही आमची मुख्य सोय आहे. ती इमेज टॅगमध्ये चालत नाही, कारण तिथे एसव्हीजीतल्या लिंक आणि स्क्रिप्ट बंद असतात, बाहेरचा फॉन्टही येत नाही. थेट कोड, ऑब्जेक्ट किंवा आयफ्रेम लागतेच.

"एका फोनवर बरोबर" हे तर अजिबात पटत नाही. मी सांगितलेला फरक एकाच क्रोममधला आहे. आणि जमीन गावात असली तरी नकाशा पाहणारी मुलं पुण्या-नागपुरात असतात. त्यांच्या आयफोनवर क्रोम उघडलं तरी आतलं इंजिन सफारीचं वेबकिटच असतं.

वरुडकर
असहमत, पण वेगळ्या कारणाने. चाचणी हवीच, तुमची मोजणी मात्र खोटा दिलासा देईल.

थेट कोड टाकलाय, फाइलमध्ये व्ह्यूबॉक्स नाही, सीएसएसने 344 बाय 258 दिलंय, असं समजा. स्क्रिप्ट डबा मोजेल आणि 'बरोबर' म्हणेल. आतलं रेखाटन मात्र 1200 बाय 900 चंच राहील आणि डब्याबाहेरचं कापलं जाईल. दिसेल फक्त वायव्येचा कोपरा, शिवाराचा जेमतेम बारावा हिस्सा. बाकीच्यांची शेतं गायब, आणि तुमच्या तक्त्यात सगळं पास!

दुसरा प्रकार याहून फसवा. इंकस्केपचं ए-4 पान 210 बाय 297 मिलिमीटर, म्हणजे ब्राउझरमध्ये साधारण 794 बाय 1123 पिक्सेल. इमेज टॅगवर तेच आकडे लिहिले आणि सीएसएसने फक्त कमाल रुंदी 100 टक्के केली, तर रुंदी 344 होते, उंची 1123 च राहते. पीएनजी असती तर ताणलेली लगेच दिसली असती. व्ह्यूबॉक्स असलेली एसव्हीजी प्रमाण राखून मधोमध बसते आणि वर-खाली कोरी जागा सोडते. बघणाऱ्याला वाटतं पानच रिकामं आहे.

म्हणून चित्राशी चित्र ताडा. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीवाले मिळून ज्या सामाईक वेब-प्लॅटफॉर्म चाचण्या चालवतात, त्यांत रेफटेस्ट असतात. एक पान तपासायचं, दुसरं साध्या मार्गाने तसंच दिसायला हवं असं बनवलेलं. दोन्ही दिसायला सारखी आली पाहिजेत.

घाटंजीकर
वरुडकर, देवनागरी अक्षरांचं काय? एकाच नकाशातली जोडाक्षरं दोन फोनवर वेगळ्या फॉन्टमध्ये उमटली की पिक्सेल जुळणारच नाहीत. रोज शंभर खोट्या तक्रारी येतील.

वरुडकर
अक्षरं घ्यायचीच नाहीत. चाचणीची फाइल वेगळी ठेवा: काठाला चौकट आणि चार कोपऱ्यांत चार रंगांचे चौकोन. कापलं गेलं तर एखादा रंग नाहीसा होतो, आक्रसलं तर चौकट आत सरकते. यात फॉन्टचा संबंध येत नाही.

सेलूचा मास्तर
दोघेही विनाकारण राबता आहात. ब्राउझरवाले हेच तपासतात ना? मग आपण कशाला? फाइलमधून रुंदी-उंची काढा, व्ह्यूबॉक्स ठेवा, सीएसएसमध्ये रुंदी 100 टक्के आणि उंची ऑटो द्या. विषय संपला. शाळेच्या पानावर मी हेच करतो.

आर्वीकर
सर, त्यांची चाचणी ब्राउझर नियम पाळतो का ते पाहते. आपली फाइल नीट आहे का, हे ती सांगत नाही. उद्या कोणी इंकस्केपमध्ये एक पांदण दुरुस्त करून नव्या पानावर जतन केली की मिलिमीटर परत आलेच! तुमचा उपाय इमेज टॅगला चालतो. आयफ्रेमला उंची ऑटो दिली तर 150 च मिळते. तिथे सीएसएसमध्ये 4:3 गुणोत्तर द्यावं लागतं.

वरुडकरांचा कोपऱ्यांचा मुद्दा मात्र मान्य. मोजणी ठेवतो, सोबत रंगीत कोपरेही तपासतो.

धामणगावकर
गुणोत्तर जुन्या फोनवर चालते का? आमच्या बुढ्याचा फोन कधी अपडेटच नाई झाला.

वरुडकर
ही सोय मोठ्या ब्राउझरांमध्ये 2021 साली आली. त्याआधीच्या क्रोमला जुना उपाय लागेल: बाहेरच्या डब्याला खालून 75 टक्के पॅडिंग (आतली मोकळी जागा) आणि आयफ्रेम त्यावर पसरलेली. तो फोनही यादीत घ्या. आणि आर्वीकर, 72 ची मोजणी मला अजूनही अनाठायी वाटते. तुमच्या पानावर ज्या दोन पद्धती खरोखर वापरणार तेवढ्याच नीट तपासा.

आर्वीकर
नाही, सगळ्या तपासणार. शेजारच्या गावांनाही हाच नकाशा करून हवाय, आणि ते तो कुठल्या पद्धतीने चिकटवतील हे माझ्या हातात नाही.