नागपूरहून एकट्याने पहिली स्कूबा डाइव्ह ट्रिप: अंदमान की कर्नाटकातलं नेत्राणी बेट?

धरमपेठकर: ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) झालाय, एकूण चारच डाइव्ह. जानेवारीत आठ दिवस आहेत, सोबत कोणी नाही. कुठे जाऊ?

निळाई: स्वराज द्वीप, म्हणजे हॅवलॉक. चेन्नई किंवा कोलकातामार्गे पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम), पुढे फेरी. बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, डाइव्ह सेंटरच देतं. पण एका गाइडमागे किती जण, हे बुकिंगआधी विचाराच. चारपेक्षा जास्त असतील तर दुसरं सेंटर बघा. पहिली डाइव्ह उथळ रीफवर करा आणि वजनपट्टा (खाली जाता यावं म्हणून कमरेला बांधायची वजनं) तपासून घ्या. वजन जास्त झालं की बीसीडीत (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) सारखी हवा भरावी लागते, दमछाक होते, टाकी लवकर संपते. तुमच्या कोर्सप्रमाणे खोलीची मर्यादा १८ मीटर. गाइडने आग्रह केला तरी त्याखाली नको.

खोलपाणी: परतीचं विमान आधी ठरवा. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास, खरं तर पूर्ण दिवस मोकळा हवा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे बनून बाहेर येतो. आणि नागपूरच्या थंडीतली सर्दी घेऊन उतरू नका, कान मोकळे होत नाहीत. गोळी घेऊन तर नकोच. पाण्याखाली तिचा असर ओसरला की वर येताना हवा कानात अडकते.

धरमपेठकर: मग नेत्राणी नको?

निळाई: मुरुडेश्वरहून बोटीने होते, दोन दिवस हाताशी असतील तर छान. आठ दिवसांसाठी अंदमानच.