दिव्यांगांचा 5 टक्के निधी : मनपा, नगरपंचायत, ग्रामपंचायत, तिघांचं उत्तर वेगळं का?

मानेवाडा_रिंगरोड

स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात, त्या निधीसाठीच्या तीन अर्जांबद्दल एकत्रच विचारतो. तिन्ही माणसं नागपूर जिल्ह्यातली. तिघांकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आहे, तेही पिवळ्या पट्टीचं, म्हणजे 40 ते 80 टक्क्यांमधलं. एक जण मनपा हद्दीत राहतो, दुसरा शहराला लागून असलेल्या नगरपंचायतीत, तिसरा लांबच्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत. पहिल्याला "योजना आहे, अर्ज करा" असं सांगितलं. दुसऱ्याला वर्षातून एकदा रक्कम मिळते, तीही मार्चच्या शेवटी. तिसऱ्याला सरळ "निधी नाही". कायदा एक, जिल्हा एक, मग हा फरक काहून? आणि "निधी नाही" हे खरं की टोलवाटोलवी, ते कसं तपासायचं?

लेखाशीर्ष

नियमानं टक्का ठरवून दिला आहे, रक्कम नाही. सगळी गोम इथंच आहे.

आधी दोन पैसे वेगळे करा. संजय गांधी निराधार अनुदान हा राज्याचा पैसा. तहसील कार्यालयातून मंजूर होतो आणि मानेवाड्याला असो की भिवापूरला, रक्कम एकच. दिव्यांगांसाठी ती आता महिन्याला 2,500 रुपये आहे, कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 50,000. तुम्ही विचारताय तो 5 टक्के निधी मात्र स्थानिक संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून निघतो. घरपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं वगैरे. वित्त आयोगाचा पैसा यात धरत नाहीत, सरकारनं विशिष्ट कामासाठी दिलेलं अनुदानही नाही.

आता हिशेब करून पाहा. समजा एका गावाचं स्वउत्पन्न 4 लाख आहे. 5 टक्के म्हणजे 20,000. गावात 25 दिव्यांग असतील तर माणशी 800 रुपये, वर्षाचे. एमआयडीसीला लागून असलेल्या गावाचं उत्पन्न कारखान्यांच्या करामुळे समजा 80 लाख आहे. तिथं निधी 4 लाख, आणि 40 जण असले तरी माणशी 10,000. दोन्ही ग्रामपंचायतींनी नियम तंतोतंत पाळला, तरी फरक बारापटीहून जास्त.

त्यात वसुलीचा घोळ. अंदाजपत्रकात तरतूद मागणीवर, म्हणजे किती कर यायला हवा त्यावर धरतात, खर्च मात्र हातात आलेल्या पैशातून होतो. 4 लाखांच्या मागणीपैकी 2 लाखच वसूल झाले तर 20,000 चे 10,000 होतात. शिवाय त्याच तिजोरीतून मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला-बालकल्याणासाठी 10 टक्के, कर्मचाऱ्यांचा पगार आणि पथदिव्यांचं वीजबिल. वीजबिल थकलं की लाईन कापतात, दिव्यांग निधी थकला तर कोणी काही कापत नाही. म्हणून तो शेवटी राहतो. मार्चअखेरची घाई दिसते ती याचमुळे, कारण घरपट्टीची खरी वसुली जानेवारी ते मार्चमध्ये होते.

तेव्हा "निधी नाही" हे निम्मं खरं असू शकतं. "निधी कमी आहे" असं कोणी म्हटलं तर मान्य करता येईल. शून्य मात्र नाही. एक रुपया कर गोळा झाला असेल तर त्याचे पाच पैसे आहेतच.

ग्रामसभा_ते_महासभा

वरच्या हिशेबात एक भर. निधी किती हे करावर ठरतं, पण कशावर खर्चायचा हे माणसं ठरवतात, आणि ती माणसं तिन्ही ठिकाणी वेगळी.

गावात ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी संख्या पुरते. दिव्यांग आणि त्यांच्या घरचे मिळून वीस-पंचवीस जण बसले तरी विषय रेटता येतो, कारण इतर वेळी सभा कशीबशी भरते. नगरपंचायतीत सामान्य मतदाराला मताचा अधिकार असलेली अशी सभा नाही, नगरसेवकालाच धरावं लागतं. मनपात तर प्रभाग चार सदस्यांचा, त्यामुळे चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. अंदाजपत्रक आयुक्त मांडतात, मग स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा. मार्च 2022 मध्ये नागपूर मनपाच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. एखाद्या लेखाशीर्षाखाली (अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या सदराखाली) पैसा का पडून राहिला, हे सभागृहात उठून विचारायला कोणी नव्हतं.

निधी वळवण्याची नेहमीची वाट म्हणजे रॅम्प. सामूहिक सोयीवर खर्च करायला मनाई नाही, पण रॅम्प मापात आहे का ते टेप लावून बघा. उतार 1:12 पाहिजे. जोतं दीड फूट असेल तर रॅम्प 18 फूट लांब लागतो. जागा नाही म्हणून सहा फुटांत उरकलेला रॅम्प चाकाच्या खुर्चीला चढत नाही आणि उतरताना माणूस तोंडावर येतो. खर्च मात्र दिव्यांग निधीत पडलेला असतो.

मानेवाडा_रिंगरोड

समजलं. तिसऱ्याच्या गावात हे कागदावर कसं पकडायचं? आणि दुसऱ्याला शहराच्या योजनेत जाता येईल का? पत्ता "नागपूर" असाच आहे.

लेखाशीर्ष

पत्त्यात नागपूर असून भागत नाही. घरपट्टीचं बिल कोण पाठवतं ते बघा. मनपाचे 10 झोन आहेत. हुडकेश्वर-नरसाळा मनपात आलं, बेसा-पिपळा नगरपंचायत वेगळी आहे, आणि माणसं स्वतःला नागपूरकरच म्हणवतात. किरायदार असेल तर राशन कार्ड आणि मतदार यादी कुठली हे बघतात. दोन्हीकडून तोच लाभ मिळत नाही. गावातल्या माणसाला मात्र एक जास्तीचा दरवाजा आहे : जिल्हा परिषदेच्या सेसमध्येही (तिच्या स्वतःच्या उत्पन्नातही) दिव्यांगांसाठी 5 टक्के असतात. अर्ज पंचायत समितीतून जातो. वस्तू वेगळी असेल, म्हणजे ग्रामपंचायतीकडून अनुदान आणि जिल्हा परिषदेकडून तीनचाकी, तर मागायला हरकत नाही. आधी लाभ घेतला नसल्याचा दाखला ग्रामपंचायतीकडून घेऊन ठेवा.

झेरॉक्सवाले_काका

राजेहो, अर्ज अडतात ते भलत्याच कारणांनी. प्रमाणपत्र तात्पुरतं असलं की त्यावर मुदत असते, ती संपली की मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांत पुन्हा तपासणी. आधारवरचं नाव आणि यूडीआयडीवरचं नाव जुळत नाही. आणि सगळ्यात जास्त घोळ बँकेचा. खात्याला आधार जोडलं म्हणजे झालं असं नाही. शेवटी ज्या बँकेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी रक्कम थेट खात्यात यायला, आधारचं सीडिंग (जोडणी) केलं, तिथं पैसे जातात. माणूस ग्रामीण बँकेचं पासबुक भरून पाहत बसतो अन् रक्कम पोस्टाच्या खात्यात पडलेली असते.

विदेशी_वाचक

ही भानगड फक्त आपली नाही. इंग्लंडमध्ये वृद्ध-दिव्यांगांची देखभाल काउन्सिलकडे असते, आणि तिथंही स्थानिक घरपट्टीसारख्या कराचा मोठा आधार. म्हणून गरीब भागात गरज जास्त आणि वसुली कमी. फरक इतकाच की 2014 च्या केअर ॲक्टनं पात्रतेचे किमान निकष देशभर एक केले, आणि 23,250 पौंडांहून जास्त मालमत्ता असेल तर खर्च साधारण स्वतःचा. स्कॉटलंडनं 2002 पासून 65 वरच्यांची वैयक्तिक देखभाल मोफत केली. आपल्याकडे या निधीला टक्क्याचा खालचा टप्पा आहे, माणसाला काय मिळालंच पाहिजे याचा नाही.

ग्रामसभा_ते_महासभा

कागदावर पकडायचं असं. ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. आपल्या राज्यात अर्ज एका विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत हवा, म्हणून गाऱ्हाणं लिहू नका. मागा इतकंच : गेल्या तीन आर्थिक वर्षांचं नमुना 1 अंदाजपत्रक, नमुना 3 जमाखर्च, आणि नमुना 5 रोकडवहीतल्या दिव्यांग कल्याणाच्या नोंदींच्या प्रती. लाभार्थ्यांची नावं मागितली तर खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. संख्या, वस्तू आणि रक्कम मागा.

30 दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्यालाही 30 दिवसांची मुदत. आकडे हातात आले की नमुना 3 मधल्या स्वउत्पन्नाचे 5 टक्के काढा, खर्च वजा करा, आणि उरलेली रक्कम लिहून ग्रामसभेत विषय द्या. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का ते सभा संपायच्या आत बघा. तरी हललं नाही तर गटविकास अधिकारी, आणि मग पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार. त्यांची शिफारस आली की 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार संबंधित कार्यालयानं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. अर्ज डिसेंबरच्या आत टाका, म्हणजे पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मांडताना आकडा सरपंचांच्या समोर असेल.