215 तास, सीपीएल हातात, आफ्रिकेत बुश फ्लाइंगचा पहिला जॉब कसा मिळतो?

साताऱ्याचा_पायलट
नमस्कार मंडळी. सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) होऊन वर्ष झालं, एकूण 215 तास उड्डाण. टाइप रेटिंगला (एका ठरावीक मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाला) अजून पैसे घालायची घरची ऐपत नाही, बाबांनी आधीच शेत गहाण टाकलंय. आणि इथे 200 तासवाल्याला कोण विचारतंय. एका सीनियरनं सांगितलं की बुश फ्लाइंगला, म्हणजे आडरानातल्या कच्च्या पट्ट्यांवर छोटी विमानं उडवायला, बोत्स्वानात माऊन म्हणून गाव आहे, तिथे कमी तासांवर घेतात. चाळीसेक ईमेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. सीव्हीत काही चुकतंय का? आणि टांझानिया, केनिया, नामिबिया यातलं कुठलं बरं पडेल?

डेल्टाकर
भावा, सीव्ही ठीकच असेल. ईमेलवर माऊनची नोकरी मिळालेला माणूस मी तरी पाहिला नाही. चीफ पायलटकडे तुझ्यासारख्यांचा ढीग पडलेला असतो, तो बघतो दारात कोण उभंय. मी फेब्रुवारीत गेलो, बॅकपॅकर्समध्ये तंबू ठोकला आणि दर सोमवारी विमानतळाजवळच्या सगळ्या ऑफिसांत फेरी. पहिल्या महिन्यात प्रगती एवढीच की रिसेप्शनवरच्या बाई नावानं हाक मारायला लागल्या. एप्रिल संपता संपता नंबर लागला, तोही त्यांचा एक पोरगा एअरलाइनला गेला म्हणून. म्हणजे तीन-चार महिन्यांचा खर्च खिशात पाहिजेच, आणि परतीचं तिकीट वेगळं.

हंगाम समजून घे, तिथलं गणित उलटं आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, ते पाणी सरकत सरकत माऊनजवळच्या ओकावांगो डेल्टात पसरतं जून ते ऑगस्टला, म्हणजे ऐन कोरड्या हिवाळ्यात. तेव्हाच टुरिस्ट येतात, आणि कितीतरी लॉजना चारी बाजूंनी पाणी, विमानाशिवाय जाणार कसं? म्हणून भरती त्याच्या आधी. ऑगस्टात जाऊन उभा राहिलास तर कुणाला तुझ्याशी बोलायलाही वेळ नसतो.

सुरुवात सेसना 206 किंवा एअरव्हॅन या छोट्या विमानांवर, त्याहून मोठं कॅराव्हॅन नंतर. 200-250 तासवाले घेतलेले मी पाहिलेत पण शेवटचा शब्द विमा कंपनीचा. रोमँटिक काही डोक्यात असेल तर काढून टाक, सकाळी काच पुसणं, इंधन, बॅगा ठासणं सगळं आपणच. माणशी साधारण 20 किलो, मऊ बॅग, तरी कुणीतरी चाकांची सूटकेस घेऊन येतंच आणि मग तूच व्हिलन. टप्पे पंधरा-वीस मिनिटांचे, दिवसाला सात-आठ लँडिंग, वाळूच्या नाहीतर मुरमाच्या पट्ट्या. उतरायच्या आधी खालून एक चक्कर मारून बघायचं, हत्ती उभा असेल तर तो हलेपर्यंत घिरट्या. आणि ऑक्टोबर! माऊनचा विमानतळच 3100 फुटांच्या आसपास, त्यात पारा 38 वर गेला की डेन्सिटी अल्टिट्यूड साडेसहा हजार, म्हणजे हवा इतकी विरळ की विमानाला तेवढ्या उंचीवर असल्यासारखं वाटतं. भरलेलं 206 तेव्हा पट्टी सोडायलाच तयार नसतं, वजनाचं गणित दरवेळी कागदावर कर, अंदाजावर नको.

दार_एस_सलामहून
टांझानियाचं सांगतो. इथे बराचसा कारभार कॅराव्हॅनवर, त्यामुळे 215 तासांवर दार उघडणं अवघड, 500 च्या पुढे ये मग बघू. केनियात नैरोबीचं विल्सन विमानतळ छोट्या विमानांनी गजबजलेलं असतं खरं पण तिथलेच सीपीएलवाले कामाच्या शोधात फिरतायत. नामिबियात विंडहोकच्या इरोस विमानतळावरून सोसुसव्लेई वगैरे, टप्पे लांब आणि खाली नुसतं वाळवंट. पहिल्या नोकरीला माऊन नाहीतर विंडहोक. केनियात चक्कर मारलीस तर यलो फीव्हरची लस निघायच्या दहा दिवस आधी घे, नाहीतर परत येताना मुंबईला क्वारंटाइन करतील.

काका_ऑन_फायनल
जरा थंड पाणी ओततो, राग मानू नकोस. तिथल्या सिव्हिल एव्हिएशनकडून लायसन्स व्हॅलिडेट करून घ्यावं लागतं, वर वर्क परमिट, आणि नोकरीवर पहिला हक्क तिथल्या नागरिकांचा, तो असायलाही हवा. परमिट हातात येईपर्यंत पगारी उड्डाण करायचं नाही, कुणी 'चालतं रे' म्हणालं तरी. दुसरं, हे सगळं उडणं दिवसाचं आणि व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून. पुढे एटीपीएलला (एअरलाइन कॅप्टनच्या लायसन्सला) 1500 तासांत 100 रात्रीचे लागतात, ते सफारीत जमत नाहीत, त्याची सोय आधीच डोक्यात ठेव. आयआर (फक्त उपकरणांवर उडवायचं रेटिंग) लॅप्स होऊ देऊ नकोस. लॉगबुकवर कंपनीचा सही-शिक्का वेळच्या वेळी घे, सोडून आल्यावर कोण देतंय. आणि 'एवढे लाख भरा, तास मिळवून देतो' म्हणणारे एजंट भेटतील, माझ्या भाच्यानं भरले. तास नाहीत, पैसेही नाहीत.

साताऱ्याचा_पायलट
खूप आभार सगळ्यांचे. काका, राग कसला, हे कुणी सांगतच नाही. जानेवारीअखेर निघायचं ठरवतोय, तोवर मामाच्या दुकानात बसून पैसे जमवतो. डेल्टाकर दादा, एक विचारायचं राहिलं, सीव्हीत स्वतःचं वजन लिहायचं का? माझं 94 आहे.

डेल्टाकर
लिहायचंच, पहिल्या पानावर, ते तासांच्या आधी वजन बघतात. 94 म्हणजे एका पॅसेंजरची बॅग तू पोटात घेऊन फिरतोयस रे. जानेवारीला वेळ आहे अजून, मामाच्या दुकानात बसू नकोस, पोती उचल.