मदत हवी आहे : स्थलांतरित मुलाचा शाळाप्रवेश अडला आहे

प्रवासिनी : समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी स्थलांतरित मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत इंटर्न आहे. माझ्याकडे सोपवलेल्या एका मुलाला पालकत्वाचे कागद आणि आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून शाळेने परत पाठवले. पर्यवेक्षक रजेवर आहेत. शाळेला पत्र पाठवायचे आहे. त्यात काय लिहावे, हे कृपया लवकर सांगा.

खडीसाखर : कोणता देश, मुलाचे वय किती आणि तो कोणाकडे राहतो, यातले काहीही न सांगता मसुदा कोणी कसा द्यावा?

प्रवासिनी : अमेरिका, टेक्सास. वय १७. ग्वाटेमालाहून एकटा आला आणि सरकारी निवाऱ्यातून सुटल्यापासून काकांकडे असतो. काकांनी नुकतेच घर बदलले.

दूरदेशी : तुम्ही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल, तर इंटर्नशिपसाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, मंजुरी आधी घ्या. माझ्या भाच्याला यावरून फार त्रास झाला होता.

प्रवासिनी : मी ग्रीनकार्डधारक आहे. प्रश्न मुलाच्या शाळेचा आहे.

शाळामास्तर : पत्रात प्लायलर विरुद्ध डो या १९८२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा उल्लेख करा. तो खटला टेक्सासच्याच कायद्यावरून झाला होता आणि देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळा नाकारता येत नाही, असे त्यात ठरले. शिवाय मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली बेघर मुलांना दाखल्याविना लगेच प्रवेश द्यावा लागतो. त्यासाठी प्रत्येक शाळा-जिल्ह्यात एक लिएझन, म्हणजे अशा मुलांसाठीचा संपर्क अधिकारी, नेमलेला असतो. पत्र त्यालाच पाठवा.

खडीसाखर : काकांचे घर असताना मुलगा बेघर कसा? उगाच नको ते कलम लावू नका.

शाळामास्तर : स्वतःचा आसरा गेल्यामुळे किंवा पैशाच्या अडचणीपायी दुसऱ्याच्या घरात राहणारी मुलेही त्या व्याख्येत येतात. वाद असला, तरी तो मिटेपर्यंत प्रवेश द्यावाच लागतो.

निशिगंध : मी हे काम बरीच वर्षे केले आहे, म्हणून सांगते : घर बदलल्याचे वाचून मला शाळेपेक्षा इमिग्रेशन न्यायालयातल्या त्याच्या प्रकरणाची चिंता वाटते. पत्ता बदलल्यावर पाच दिवसांत ईओआयआर-३३ हा पत्ताबदलाचा फॉर्म त्या न्यायालयाला द्यावा लागतो. नाहीतर सुनावणीच्या तारखेची नोटीस जुन्या घरी जाते आणि गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघू शकतो. मुलगा १७ चा असल्याने विशेष बालस्थलांतरित दर्जाचा (आईवडिलांनी छळलेल्या, टाकलेल्या किंवा दुर्लक्षिलेल्या मुलांना तो मिळू शकतो) विचारही तातडीने व्हायला हवा, कारण त्यासाठी आधी राज्य न्यायालयाचा आदेश लागतो आणि अनेक राज्यांत तो १८ व्या वाढदिवसानंतर मिळत नाही.

खडीसाखर : मग हे काकांना आजच समजावून अर्ज भरून घ्या.

निशिगंध : इंटर्नने कायदेशीर सल्ला द्यायचा नसतो, अर्ज निवडून द्यायचा तर मुळीच नाही. सरकारने वकील दिलाच पाहिजे, असा हक्क या मुलांना नाही, म्हणून विनामोबदला वकिलाची भेट ठरवणे आणि काकांसोबत तिथे जाणे हेच तुमचे काम आहे. दुभाषा कोणत्या भाषेचा घेता?

प्रवासिनी : फाइलवर स्पॅनिश लिहिले आहे. तो प्रत्येक प्रश्नाला मान डोलावून ‘सी’ (स्पॅनिशमध्ये ‘हो’) म्हणतो.

निशिगंध : आईशी फोनवर कोणत्या भाषेत बोलतो, ते विचारा. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या अनेक मुलांची घरची भाषा माम किंवा किचे ही माया लोकांची भाषा असते आणि निवाऱ्यात घाईने ‘स्पॅनिश’ लिहून टाकतात. तसे असेल, तर वकिलाच्या भेटीआधी त्या भाषेचा दुभाषा फोनवर मिळवा आणि आजवरच्या सगळ्या नोंदी मुलाकडून पुन्हा तपासून घ्या.

दूरदेशी : तुमच्या पर्यवेक्षकांच्या जागी रजेच्या काळात कोणी नेमलेले नाही का?

प्रवासिनी : आहेत, पण दुसऱ्या शहरात. त्यांना आत्ताच फोन करते. लिएझनचा पत्ता मिळाला आहे. पत्र आज जाईल.