विषय: बंद घर, वाकलेला फणस आणि पंचायतीची नोटीस

प्रेषक: बाबू, टोरँटो

मंडळींनो, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये मध्येच हा विषय काढतोय, सांभाळून घ्या. आमचं फोंडा तालुक्यातलं घर आई गेल्यापासून बंद आहे. काल चुलतभावाने पंचायतीच्या पत्राचा फोटो पाठवला. शेजाऱ्यांची तक्रार आहे. आमचा फणस त्यांच्या कौलांवर वाकलाय, मागचा गडगा (चिरे रचून घातलेली सुकी भिंत) ढासळून चिरे त्यांच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, गेलेत, अंगणात रान माजलंय आणि तिथून जनावरं (साप) निघतात. पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय.

इथं टोरँटोत गवत 20 सेंटिमीटरच्या वर गेलं की नगरपालिकेचा माणूस येतो, नोटीस देतो. तरी कापलं नाही तर तेच कापून घेतात आणि खर्च मालमत्ता कराच्या बिलात लावतात. चीड येते, पण काय करायचं ते स्पष्ट असतं. गोव्यात असं एका ठिकाणी लिहिलेलं काही आहे का? फणस तोडायला माणूस सांगून टाकू का? भावाकडे पैसे पाठवले की विषय संपेल असं वाटतंय.

बाबू

प्रेषक: माई, म्हार्दोळ

बाबू,

आधी भावाला फोन कर आणि सांग, फणसाला कुऱ्हाड लावू नकोस. बाकीचं मग वाच.

झाड तुझ्या जमिनीत आहे म्हणून तुला वाटेल तेव्हा तोडता येतं, असं आपल्याकडे नाही. 1984 चा वृक्ष संरक्षण कायदा खाजगी जमिनीलाही लागू आहे, आणि तोडायला वन खात्याची परवानगी लागते. माडाचं तुला आठवत असेल. 2016 मध्ये दुरुस्ती करून माडाला या कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळलं, केवढा गदारोळ झाला, आणि 2017 मध्ये माड पुन्हा आत आला, वर राज्यवृक्षही झाला. तेव्हा झाडावर सरकारचं लक्ष नसतं, असं समजू नकोस. घरावर पडेल अशा धोकादायक झाडाची गोष्ट वेगळी. त्यासाठी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, फोटो जोडायचे. पाहणी होते आणि फांद्या छाटायच्या की झाड काढायचं याचा हुकूम मिळतो. असा अर्ज शेजारीही करू शकतात. त्याआधी तूच केलास तर बरं दिसेल. आणि फणसाचं लाकूड कुणाचं, तोडणाऱ्याचं की तुझं, हे पहिल्या दिवशीच बोलून घे. जुन्या फणसाच्या बुंध्याला काय भाव येतो हे टोरँटोत बसून कळणार नाही, पण झाड तोडायला येणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

गडग्याचं सोपं आहे. पडलेले चिरे उचलून होते तिथेच, होते तसेच रचायचे. त्याला कुणी आडवं येत नाही. पण भाऊ म्हणेल, "पुन्हा पुन्हा कशाला, एकदाची सिमेंटची कंपाउंड वॉल घालूया." तिथं थांबायचं. भिंत म्हटली की पंचायतीचा परवाना आला, हद्दीची मोजणी आली, आणि गडगा मुळात कुणाच्या हद्दीत होता हा तुझ्या आजोबांच्या वेळचा वाद पुन्हा वर आला. सुक्या गडग्याच्या फटींतून पावसाचं पाणी वाहून जातं. पक्की भिंत तेच पाणी अडवते आणि मग ते वरच्या बाजूच्या घराच्या जोत्याला लागतं. आमच्या वाड्यावर अशा एका भिंतीपायी दोन घरांनी एकमेकांकडचा चवथीचा प्रसाद बंद केला.

आता नोटिशीत नाही ते सांगते, कारण मला त्याची जास्त काळजी आहे. छपराकडे शेवटचं कोण चढलं होतं? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माणूस राहत असलं की कौल सरकल्याचं पहिल्या सरीलाच कळतं, खाली टोप ठेवतात आणि उघडीप मिळाली की कुणीतरी वर चढतं. बंद घरात ते पाणी गुपचूप भिंतीच्या माथ्यावर झिरपत राहतं. तिथं वाशाचं टोक टेकलेलं असतं. ते कुजतं, वाळवी लागते, वासा खचतो, की त्याच्या ओळीतली सगळी कौलं घसरतात आणि पाणी थेट मातीच्या भिंतीत शिरतं. चिरा टिकतो, पण सांध्यातली माती वाहून जाते. आमच्या शेजारचं चौकाचं घर बाहेरून धडधाकट दिसत होतं. आत राजांगणाच्या, म्हणजे मधल्या उघड्या चौकाच्या, कोपऱ्यातला वासा बोटाने दाबला तर बोट आत गेलं. तेव्हा एप्रिल-मेमध्ये कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, आणि हे दर वर्षी. एका वर्षाआड नव्हे.

विहीर असेल तर तिच्यावर जाळी घाल. आरोग्य केंद्राचे लोक पावसाळ्यात फिरतात, डासांच्या अळ्या शोधतात, विहिरीत गप्पी मासे सोडतात. बंद घराच्या आवारात पडलेली डबडी, नारळाच्या करवंट्या, जुनी टाकी, सगळं त्यांच्या नजरेत भरतं. कचऱ्याचं काय सांगू, सुका कचरा पंचायतीची गाडी नेते. पाला मात्र जाळू नका, खड्डा करून कुजवा.

पत्राला उत्तर लेखी द्यायचं, नुसता फोन करायचा नाही. पंचायतीत दिलेल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा, म्हणजे पुढे "तुम्ही दाद दिली नाही" असं कुणी म्हणायला नको.

माई

प्रेषक: भाई, मस्कत

माईंचं वाचून घाबरायला झालं! मला वाटतं बाबूने एवढं मनावर घेऊ नये. आमचंही डिचोलीत घर आहे. मी दर वर्षी घरपट्टी नेमाने भरतो, वीज खात्याचं बिलही भरतो, पावत्या फाइलला. पावत्या असल्या की घर आपलं, मग पंचायत काय करणार? गवत गड्याकडून काढून घ्यावं आणि गप्प बसावं.

प्रेषक: अण्णा, पणजी

भाई, रागावू नका, पण घरपट्टीच्या पावतीवर निर्धास्त राहणारी माणसं मी नोकरीत असताना ढिगाने पाहिली. घरपट्टी म्हणजे कर. बेकायदा बांधकामालाही ती लागते. त्या पावतीने घर कायदेशीर ठरत नाही आणि जमीन तर मुळीच तुमची होत नाही.

बाबूने नियम एका पानावर मागितलेत. ते तसे नाहीत. बांधकामाचं 2010 च्या इमारत नियमावलीत आहे, झोन नगरनियोजन खात्याच्या आराखड्यात, गावातला परवाना 1994 च्या पंचायत राज कायद्याच्या कलम 66 खाली, झाडाचं माईंनी सांगितलंच. घर नदीकाठी, खाडीकाठी किंवा समुद्राजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे नियम, वेगळं. फोंड्यात आतल्या बाजूला घर असेल तर शेवटचं बहुधा सुटेल, पण झुआरीच्या काठचं असेल तर विचारून घ्यावं.

पण या सगळ्याआधी एक कागद काढा: एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा. ऑनलाइन मिळतो. त्यात कब्जेदाराच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघा, आणि 'इतर हक्क' हा रकाना वाचल्याशिवाय पान मिटू नका. अंत्रुजात, म्हणजे तुमच्या फोंडा भागात, अशी कितीतरी घरं आहेत, जिथं चार पिढ्या राहताहेत आणि उताऱ्यावर जमीन देवस्थानची, भाटकाराची (जमीनदाराची) किंवा कोमुनिदादीची (जुन्या गावसंस्थेची) निघते. घराचा उल्लेख फक्त 'इतर हक्कां'त असतो. तसं असेल तर 1975 चा मुंडकार कायदा लागतो (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), आणि दुरुस्तीचा अर्ज करताना तुम्ही भाटकार म्हणून करताय की मुंडकार म्हणून, हे आधी ठरायला हवं. आजोबांचंच नाव अजून उताऱ्यावर असलं तर दुसरं काम: वारसांची नोंद. आपल्याकडे वारसा जुन्या पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वळणाने चालतो, आता 2012 चा स्वतंत्र कायदा आहे. मुलगा-मुलगी सारखेच, आणि बहुतेक लग्नांत नवरा-बायको दोघांची मालमत्ता एक धरली जाते. म्हणून बहिणीची सही लागते आणि मेहुण्याचीही. आपसांत वाटणी जमली नाही तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे कोर्टातून वारसांत वाटणीचा, दावा.

बाहेर राहणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतोय. 2022 मध्ये सरकारला जमीन बळकावण्याच्या तपासासाठी पोलिसांचं विशेष पथक नेमावं लागलं. जुने दस्त खोटे करून जमिनी विकल्या गेल्या, आणि सावज बहुतेक तेच: मालक वारलेला, वारस परदेशी, घर बंद. रान माजलेलं अंगण बघूनच भामट्याला कळतं की इथं विचारायला कुणी नाही. तेव्हा उतारा वर्षातून दोनदा बघत जा. फुकटचा पहारा आहे.

भावाला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठव, आणि इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. मजकुरात 'दुरुस्ती, देखभाल, पंचायत व सरकारी कार्यालयांतील अर्ज' एवढंच घाल. 'विक्री' हा शब्द नको. भाऊ कितीही चांगला असो.

अण्णा

प्रेषक: वहिनी, पेडणे

अण्णा, शेवटचं वाक्य ऐकून आमच्या घरात दोघंजण गप्प झाले!

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. माई सांगतात ते दर वर्षी कौलं परतणं वगैरे सगळं खरं, पण कोण करणार? गडी मिळत नाहीत. कौलांवर चढणारा माणूस आमच्या गावात एकच उरलाय आणि मे महिन्यात तो कुणाला सापडत नाही. मी म्हणते, घरात माणूस ठेवा. चूल पेटली की वाळवीही दबकून असते.

फक्त पर्यटकांना देण्याच्या फंदात बाबूने पडू नये. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे रोज कुणीतरी दारात येतो, "घर बंदच आहे ना, आम्ही चालवतो, तुम्हाला महिन्याला पैसे." पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर 1982 च्या कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, आणि विदेशी पाहुणा उतरला की पोलिसांना कळवावं लागतं. चालवणारा हे करत नाही, आणि दंडाची नोटीस येते ती मालकाच्या नावावर. त्यातून रात्री दोनपर्यंत गाणी. मग शेजारी गवताची तक्रार करायचे ते बरे होते, असं वाटायला लागतं.

त्यापेक्षा ओळखीतली एखादी शाळामास्तरीण, परिचारिका, असं कुटुंब बघा. करार लेखी, अकरा महिन्यांचा, पोलिसांत भाडेकरूची माहिती. भाडं कमी घ्या, पण छपराचं काम त्यांनी बघायचं असं करारात लिहा.

प्रेषक: माई, म्हार्दोळ

वहिनी, भाडेकरू ठेवा म्हणणं सोपं. ज्या घरात न्हाणी अजून मागच्या पडवीत आहे तिथं आजची परिचारिका राहील होय? आधी न्हाणी-संडास आत घ्यावे लागतील, आणि ती दुरुस्ती नव्हे, तो फेरबदल झाला. म्हणजे पुन्हा परवाना. कौलं परतली, गिलावा केला, रंग काढला, तिथवर पंचायतीला एक पत्र देऊन पोच घेतली की चालतं. भिंत हलवली, नवी खोली काढली किंवा कौलांच्या जागी स्लॅब टाकला की नकाशा, इंजिनिअरची सही, सगळं आलं.

तरी माणूस हवा हे बरोबर. निदान आठवड्यातून एकदा खिडक्या उघडणारा.

प्रेषक: बाबू, टोरँटो

सगळ्यांचे आभार. माई, फोन केला. भावाने माणूस सांगितलाच होता, तो रविवारी येणार होता. थांबवला.

अण्णा, उतारा काढला. कब्जेदार आजोबाच आहेत, म्हणजे जमीन आमची, पण आजोबांना जाऊन 40 वर्षं होऊन गेली. 'इतर हक्कां'त एक नाव आहे जे घरात कुणालाच ओळखीचं नाही. सर्व्हे प्लॅनवर आमच्या घराच्या मागे, फणसाच्या पलीकडे, अजून एका लहान घराची खूण दिसते. तिथं आज काहीच नाही, नुसतं जोतं आहे असं भाऊ म्हणतो. हे काय असेल?

पंचायतीला उत्तर असं लिहितोय: गडग्याचे चिरे या महिन्यात उचलून पूर्ववत रचतो, अंगण साफ करून घेतो, आणि फणसाबाबत उपजिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करतोय, त्याची प्रत जोडली आहे. शेजाऱ्यांना मी स्वतः फोन केला. काका आधी तुटक बोलले. मग म्हणाले, फणस सगळा काढू नकोस, कापा (घट्ट गऱ्यांचा) आहे, नुसती आमच्या बाजूची फांदी काढ.

प्रेषक: अण्णा, पणजी

ते बहुधा जुन्या मुंडकाराचं घर. कुटुंब उठून गेलं असेल, पण नोंद राहिली. नाव परस्पर काढायला जाऊ नकोस आणि जोत्याचा एक चिराही हलवू नकोस, गडग्याला कमी पडले तरी. मामलेदाराच्या कचेरीतून मुंडकार नोंदवहीचा उतारा मागव. ते कुटुंब कुठं गेलं हे काकांना माहीत असणार, पुढच्या फोनला विचार.

शेजाऱ्यांना पूर्ण झाड नको असेल तर अर्जात 'छाटणी' असंच लिही आणि त्यांचं संमतीपत्र जोड. ते जोडलं की काम पुष्कळ हलकं होतं. मजकूर मला पाठव, बघून देतो.

अण्णा